डोस चुकवणारा नेमका कोण? टीबी आणि कुष्ठरोगाच्या गोळीची गोष्ट

मंडळी, आजची पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पण विषय आपल्या पोशीर, कळंब, नेरळपासून पार खालापूरच्या वाड्यांपर्यंत घरोघरचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

सरकारी दवाखान्याच्या टीबीच्या रजिस्टरात वर्षानुवर्षं एक शब्द लिहिला जायचा, "डिफॉल्टर". बँकेचा हप्ता थकवणाऱ्याला जो शब्द लावतात तोच औषध अर्ध्यात सोडणाऱ्याला. म्हणजे चूक कुणाची हे रजिस्टर उघडायच्या आधीच ठरलेलं! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली हा शब्द काढून टाकला आणि त्याजागी "पाठपुराव्यातून सुटलेला" अशा अर्थाचा शब्द घेतला. फरक छोटा वाटतो, पण पहिल्या शब्दात दोष पेशंटचा आहे आणि दुसऱ्यात प्रश्न उभा राहतो की सुटला कुणाच्या हातून?

ह्या एका शब्दामागे सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की आज आपण बीपीची गोळी का सोडतो, ॲण्टिबायोटिक तीन दिवसांत का बंद करतो, हेही कळतं.

औषध सापडलं, पण एकट्यानं हरलं

१९४३ साली अमेरिकेत रट्गर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्यानं मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. टीबीच्या जंतूवर खरोखर चालणारं हे पहिलं ॲण्टिबायोटिक. त्याआधी टीबी म्हणजे मोकळी हवा, दूध-अंडी, आराम आणि देवाची प्रार्थना. आपल्याकडे पैसेवाले पाचगणीला जायचे. तिथे डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल एअर सॅनेटोरियम काढलं होतं. गरिबानं मात्र घरातच खोकत बसायचं.

स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि ब्रिटनमध्ये १९४७ साली त्याची नीट परीक्षा घेतली गेली. १०७ पेशंट. ५५ जणांना औषध आणि आराम, ५२ जणांना नुसता आराम. सहा महिन्यांनी औषधवाल्यांतले ४ गेले, नुसत्या आरामवाल्यांतले १४. सगळ्यांना वाटलं, जिंकलो!

पण गोष्ट इथे संपत नाही. पाच वर्षांनी मोजलं तेव्हा औषधवाल्यांतले ३२ आणि आरामवाल्यांतले ३५ गेलेले होते. म्हणजे सुरुवातीला मिळालेला फायदा जवळजवळ धुऊन निघाला. का? कारण जंतू औषधाला सरावला. बहुतेक पेशंटच्या थुंकीत थोड्याच महिन्यांत असे जंतू सापडले ज्यांच्यावर स्ट्रेप्टोमायसिनचा परिणामच होत नव्हता.

हे कसं होतं ते साध्या हिशोबात सांगतो. टीबीनं फुफ्फुसात खड्डा पडला की त्यात साधारण १० कोटी जंतू असू शकतात. त्यात निसर्गतःच काही "चिवट" असतात. आयसोनियाझिड या गोळीला न जुमानणारा दहा लाखांत एक. रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. आता एकटी आयसोनियाझिड दिली तर १० कोटीतले सगळे मरतील, पण शंभरएक चिवट उरतील. पेशंटला महिनाभर बरं वाटेल आणि मग तेच शंभर वाढून पुन्हा कोटी होतील. या वेळी ती गोळी कामाची राहणार नाही. दोन्ही गोळ्या एकदम दिल्या तर दोन्हींना पुरून उरणारा जंतू सापडण्याची शक्यता इतकी कमी की जवळपास शून्य.

म्हणून टीबीला एक गोळी कधीच देत नाहीत. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. आणि म्हणूनच "ही मोठी गोळी घशात अडकते, हिच्याशिवाय बाकीच्या घेतो" हे चालत नाही. तसं करणं म्हणजे आपल्याच छातीत चिवट जंतूंची नर्सरी लावणं.

मद्रासचा प्रयोग: घरी बसूनही बरं होता येतं

१९५०च्या दशकात आपल्या देशापुढे मोठा पेच होता. औषधं आली होती. १९५२ला आयसोनियाझिड आली, तीही स्वस्त. पण पेशंट लाखोंनी आणि सॅनेटोरियममधल्या खाटा मोजक्या. सगळ्यांना वर्षभर दवाखान्यात ठेवणार कसं?

१९५६ साली मद्रासमध्ये एक केंद्र उघडलं. त्याचे पहिले प्रमुख डॉ. वॉलेस फॉक्स. तिथे गरीब वस्तीतल्या पेशंटचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, चांगलं जेवण, पलंग, आराम. दुसरा गट आपल्या घरी, त्याच दाटीच्या खोलीत, त्याच भात-रशावर, कित्येक जण कामाला जाणारे. औषध दोघांना तेच.

वर्षानंतर निकाल आला तो जगाला चकित करणारा होता. घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले. घरच्यांनाही जास्त लागण झाली नाही. १९५९ला हे छापून आलं आणि जगभर सॅनेटोरियमं हळूहळू बंद व्हायला लागली. आज आपल्या गावातला टीबीचा पेशंट घरी राहून बरा होतो, त्याचं मूळ या प्रयोगात आहे.

पण त्याच प्रयोगात दुसरी एक गोष्ट होती, ती लोक विसरतात. फॉक्स आणि त्यांच्या माणसांनी फक्त गोळ्या वाटल्या नाहीत. ते अचानक घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजायचे. लघवी तपासून औषध पोटात गेलंय का ते बघायचे. आणि त्यांना दिसलं की चांगली, समजूतदार माणसंही खाडा करतात. विशेषतः बरं वाटायला लागलं की. शिकलेला-अडाणी, गरीब-श्रीमंत असा फारसा भेद त्यात नसतो. रोज गोळी घेणं हे माणसाच्या स्वभावाविरुद्धच आहे. दुखत असेल तर माणूस औषध शोधत जातो, दुखायचं थांबलं की विसरतो.

म्हणजे घरचा उपचार चालतो, पण त्यासाठी पाठीशी माणूस लागतो. देशानं १९६२च्या राष्ट्रीय कार्यक्रमात यातलं पहिलं अर्धं उचललं. गोळ्या घरी दिल्या. पाठीशी माणूस मात्र पुरेसा दिला नाही. तीस वर्षांनी, १९९२ला, या कार्यक्रमाचा आढावा घेतला तेव्हा उपचार पूर्ण करणारे फार थोडे निघाले.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली: वर्धा

आता कुष्ठरोगाकडे या. आपल्या कोकणात जुन्या लोकांना कडू कवठ माहीत आहे. त्याच्याच जातीतलं चालमोगऱ्याचं तेल हे कुष्ठरोगावर शेकडो वर्षं वापरात होतं. आधी लावायला आणि प्यायला, नंतर इंजेक्शननं. गुण थोडा, यातना फार.

१९४०च्या दशकाच्या शेवटी डॅप्सोन नावाची स्वस्त गोळी आली. त्याच सुमारास महाराष्ट्रात या रोगावर काम करणारी माणसं उभी राहिली. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन, आणि वर्ध्याला १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान. वर्ध्याच्या डॉ. वारदेकरांनी जी पद्धत बसवली ती आजही शिकण्यासारखी आहे: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. पेशंटनं वस्तीबाहेर जाऊन राहायचं नाही. कार्यकर्त्यानं घरोघर जाऊन चट्टे तपासायचे, लोकांना समजवायचं आणि गावातच गोळी द्यायची.

पण इथेही तीच जुनी चूक होती. गोळी एकटीच होती. काही प्रकारच्या कुष्ठरोगात डॅप्सोन वर्षानुवर्षं, कधी जन्मभर घ्यावी लागायची. चट्टा गेला, दुखत नाही, मग कोण दहा वर्षं गोळी घेणार? खाडे पडले. १९६४ साली मलेशियात पहिल्यांदा सिद्ध झालं की डॅप्सोनला न जुमानणारा जंतू तयार झालाय. पुढे तो जगभर दिसायला लागला.

१९८१ला जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की एकटी डॅप्सोन पुरे झाली, दोन-तीन औषधं एकत्र द्या आणि मुदत ठरवून द्या. देशात हे सगळ्यात आधी सुरू झालं त्यात आपला वर्धा जिल्हा होता.

आणि बघा, इथे गोळीचं पाकीटसुद्धा विचार करून बनवलं! एका पाकिटात २८ दिवस. पहिला मोठा डोस कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा, बाकीचे घरी. कुठला दिवस झाला, कुठला राहिला हे न वाचता येणाऱ्यालाही दिसतं. मुदत ठरलेली, सौम्य प्रकारात ६ महिने, मोठ्या प्रकारात आज १२ महिने. "जन्मभर घ्या" आणि "इतकी पाकिटं संपवा, सुटलात" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९८१ला देशात दर दहा हजार लोकांमागे ५७ च्या वर कुष्ठरुग्ण होते. २००५च्या अखेरीला ते एकाच्या खाली आले.

पेशंटचा स्वभाव या काळात बदलला का? नाही. तीच माणसं, तीच गरिबी. बदलली ती औषध देण्याची रीत.

(एक मात्र लक्षात ठेवा, कुष्ठरोग संपलेला नाही. बधिर चट्टा दिसला तर लाज न धरता दाखवा. लवकर गोळी सुरू झाली तर बोटं, डोळे सगळं वाचतं.)

मुंबईचा धडा

टीबीत मात्र आपल्याला फार मोठी किंमत मोजावी लागली. १९९१ साली मुंबईच्या झोपडपट्टीतल्या शंभरएक खाजगी डॉक्टरांना विचारलं की टीबीला काय लिहून देता? उत्तरात ८० वेगवेगळ्या पद्धती निघाल्या. जवळपास वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडियांनी पुन्हा १०६ डॉक्टरांना विचारलं. पद्धती निघाल्या ६३ आणि बरोबर चिठ्ठी लिहिणारे फक्त ६.

आता सांगा, डोस चुकवणारा कोण? पेशंटनं खिशातले पैसे घालून, रांगेत बसून, जे लिहून दिलं ते घेतलं. चिठ्ठीच चुकीची होती.

डिसेंबर २०११ला त्याच डॉ. उदवाडियांनी चार पेशंटची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या जंतूवर तपासलेलं कुठलंच औषध चालत नव्हतं. जगभर खळबळ उडाली. त्यानंतर मे २०१२ला टीबीच्या प्रत्येक पेशंटची नोंद कळवणं डॉक्टरांना बंधनकारक झालं. मार्च २०१४ पासून टीबीची औषधं आणि अनेक जोरदार ॲण्टिबायोटिक "एच-वन" यादीत गेली. मेडिकलवाल्यानं ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि कुणाला दिली ते रजिस्टरात लिहून तीन वर्षं जपायचं. पाकिटावरची उभी लाल रेघ आठवते? तिचा अर्थ हाच की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही.

सरकारी बाजूलाही सुधारणा झाली. १९९७ पासून "डॉट्स" आलं, म्हणजे कुणाच्या तरी देखरेखीखाली गोळी, आणि प्रत्येक पेशंटच्या नावाचा वेगळा औषधाचा डबा. तेव्हा डोस आठवड्यातून तीनदा असायचा. एक डोस चुकला तर आठवड्याचा तिसरा हिस्सा गेला. जानेवारी २०१७ला प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि केंद्रानं नऊ महिन्यांत रोजच्या डोसवर यायचं मान्य केलं. आज चार औषधं एकाच गोळीत येतात आणि वजन बघून किती गोळ्या ते ठरतं.

आता आपल्याकडे या

आपल्या कर्जत-खालापूरात खाडा कसा पडतो ते आपण सगळे ओळखून आहोत. दिवाळी झाली की वाड्या रिकाम्या होतात. कातकरी-ठाकर कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. टीबीचा उपचार सहा महिन्यांचा आणि भट्टीचा हंगामही साधारण तेवढाच! पेशंटचं नाव कळंबच्या किंवा नेरळच्या केंद्रात आणि माणूस दुसऱ्याच जिल्ह्यात. मालकानं उचल दिलेली, सुट्टी मागायची सोय नाही. अशा माणसाला "डिफॉल्टर" म्हणायचं?

जो भट्टीवर जात नाही त्याचा रोज बुडतो. वाडीतून खाली यायचं, शेअर रिक्षा पकडायची, केंद्रात नंबर लावायचा. एक गोळी फुकट मिळते, पण दिवसाची मजुरी जाते. २०१८ पासून सरकार टीबीच्या पेशंटला आहारासाठी महिना ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. चांगलं आहे. पण ते वेळेवर खात्यात येतात का, हे विचारणारं कुणी पाहिजे.

आणि कधीकधी गोळीच नसते. मार्च २०२४ला देशभर टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा होता. केंद्रानं राज्यांना पत्र लिहिलं की तुम्ही आपल्या पातळीवर तीन महिन्यांची खरेदी करा. ज्या पेशंटला आपण सहा महिने "एकही खाडा नको" असं सांगतो, त्याला खाडा करायला व्यवस्थेनंच लावलं तर तो कुठल्या रजिस्टरात लिहायचा?

म्हणून ग्रामसभेत हे चार प्रश्न विचारा. "टीबीमुक्त ग्रामपंचायत" मोहीम कागदावर आहेच, तिला जिवंत करा.

१. आपल्या उपकेंद्रात आणि केंद्रात टीबी, बीपी, शुगरच्या गोळ्या किती दिवसांच्या शिल्लक आहेत?
२. स्थलांतर करणाऱ्या पेशंटची नावं दिवाळीआधी भट्टीच्या गावाच्या केंद्राकडे कळवली जातात का? निक्षय या सरकारी नोंदणीत पेशंट देशात कुठेही वर्ग करता येतो. तशी सोय आहे, वापरली पाहिजे.
३. आहाराचे पैसे किती जणांचे अडकलेत? (नावं जाहीर न करता, फक्त आकडा.)
४. आशाताईंना घरोघर फिरायचं मानधन वेळेवर मिळतं का? पाठीशी उभा राहणारा माणूस म्हणजे त्याच आहेत.

आणि घरातली गोष्ट

व्यवस्थेला बोलून झालं, आता आपल्यासाठी. हे टीबीपुरतं नाही.

• बीपी नॉर्मल आलं म्हणजे बीपी गेलं असं नाही. गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आलंय. बंद करायची, कमी करायची ते डॉक्टर ठरवतील.

• शेजारच्या काकूंना लागू पडली म्हणून ती गोळी आपल्याला नाही. वजन, किडनी, इतर औषधं, सगळं वेगळं असतं.

• जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा तेच ॲण्टिबायोटिक घेऊ नका. उरलेल्या गोळ्या "पुढच्या तापाला" ठेवू नका.

• टीबीची गोळी सुरू झाली की लघवी केशरी होते. घाबरू नका, ते रिफाम्पिसिनमुळे. पण डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना गेली, सतत उलट्या झाल्या तर त्याच दिवशी केंद्रात जा. लिव्हरवर परिणाम असू शकतो. नजर धूसर झाली किंवा हातापायाला मुंग्या आल्या तरी सांगा. गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.

• रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो. हे बायकांना कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.

• दारू आणि टीबीची गोळी एकत्र म्हणजे लिव्हरवर दुहेरी मार. पण प्यायलात म्हणून गोळी चुकवू नका. लाजून दोन्ही लपवणारे जास्त अडचणीत येतात.

• झाडपाल्याचं औषध घेत असाल तर डॉक्टरला सांगा. रागावले तरी सांगा.

• एक डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. आशाताईंना किंवा केंद्रात विचारा.

• सगळ्या गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. कल्याण-उल्हासनगरला मोठ्या दवाखान्यात गेलात तर तो कागद फार कामाला येतो.

• गोळीची वेळ रोजच्या एखाद्या कामाला बांधा. सकाळचा चहा, देवाला दिवा, नेरळची ठराविक लोकल, काहीही.

टीबीबद्दल काही विचारायचं असेल तर सरकारी टोल फ्री नंबर आहे: १८००-११-६६६६.

मद्रासच्या दाटीच्या खोल्यांत राहणारी माणसं बरी झाली, कारण त्यांच्या दारात कुणीतरी येत होतं. वर्ध्यातली माणसं बरी झाली, कारण गोळी आणि तिची मुदत दोन्ही त्यांच्या आवाक्यात आणली गेली. जिथे चिठ्ठी चुकली, साठा संपला, माणूस भट्टीवर गेला आणि कुणी विचारलं नाही, तिथे जंतू जिंकला. आपल्या वाडीतला कुणी या दिवाळीनंतर औषध चालू असताना बाहेरगावी निघत असेल, तर त्याला निघायच्या आधी एकदा केंद्रात घेऊन जा. तेवढं केलंत तरी ही पोस्ट लिहिल्याचं सार्थक झालं.

आपल्या गावच्या ग्रुपवर पाठवा. उपकेंद्रात गोळ्या मिळत नसतील तर खाली गावाचं नाव लिहा, पेशंटचं नाव नको. सगळी गावं एकत्र करून तालुक्याला निवेदन देऊ.

🙏